पुजलेले ग्लोव्हज

बोईसरच्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या बळवंत सरांची भक्ती मोठी, अक्कल मात्र बेताची. खंडेनवमीला त्यांनी नवे ग्लोव्हज हळद-कुंकू लावून पुजले आणि कपाटात कोंडले. "सामन्याआधी मळायला नकोत!" देवानेसुद्धा कपाळाला हात लावला असेल. मुली महिनाभर उघड्या हातांनी झेल घेत राहिल्या.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ते कोरे ग्लोव्हज लाकडासारखे कडक. चेंडू त्यांवरून टणाटण उडू लागले. जिंकायला एकच झेल हवा होता, तेव्हा सातपाटीहून शाळेत येणाऱ्या तेजलने ग्लोव्ह काढून भिरकावला आणि चेंडू नुसत्या हातांनी धरला.

सर नाचलेच. "बघा, माझी पूजा फळली!"

लालबुंद तळवे चोळत तेजल म्हणाली, "सर, पुढच्या टायमाला ग्लोव्हज नाय, आमचे हात पुजा."