उलट्या हाताचा डाग

हे म्या आजवर कोणाजवळ काढलं नाही — बायकोजवळ नाही, देवापुढंही नाही. तुम्हाले सांगून राह्यलो, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

मेहकरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. राग माह्या नाकावर. तोंडाच्या आधी हात चालते. आमचा पोरगा दोन महिन्यांचा होता, तवा पाजलेलं दूध नाकातोंडातून फेकायचा अन् श्वास अडकून निळा पडायचा. औषधं करून झाली. मंग अकोल्याचे डॉक्टर म्हणे, ऑपरेशन लागते — जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळून शिवायचा, म्हणजे दूध वर येत नाही.

एवढ्याशा पोटाले सुरी? माह्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या आजीनं आम्हा साऱ्या भावंडायले लहानपणी दुखणं जावं म्हणून तापल्या सळईनं पोटावर डागलं होतं, कोणी मेलं काय? — असं म्या सोताले समजावलं. खरं सांगू? भ्यालो होतो.

सविता, माही बायको, औषध आणाले गेली होती. घरी तिची आई होती, सोनाळ्याहून बाळंतपणाले आलेली. म्या गॅसवर सळई लाल केली. पोराचे पाय धरले. सासू आडवी आली — "जवाई, पाया पडते, नका करू" — अन् तिनं पोराचं पोट आपल्या हातानं झाकलं. थांबलो का मी? नाही. सळई तिच्या हातावरच टेकवली. कातडी चरचरली, तरी हात निघेना. मंग लाथ घातली. ती ओट्यावर आपटली. अन् पोराच्या बेंबीजवळ — दोनदा. दोनदा टेकवली. त्याचं तोंड उघडंच राह्यलं, आवाज निघेना.

जखम चिघळली, ऑपरेशन लांबलं. डॉक्टर कडाडले, कोणी केलं हे? सविता माह्याकडं पाहू लागली. म्या सासूकडं बोट केलं. म्हटलं, "हिनं. हात पाहा ना, भाजला आहे."

सासूनं माह्याकडं पाहिलं. मंग म्हणे, "हाव, म्याच केलं. आता लेकराले वाचवा."

बाप आत गेला तर ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करंल, पैसा कोण भरंल, हे तिनं पाहिलं असंल. म्या काय पाहिलं? सोताची कातडी. पोलिसायनं तिचाच जबाब लिहिला. तारखेले ती सोनाळ्याहून एसटीनं मेहकरले यायची, कोर्टाच्या पायरीवर भाकर खायची अन् परत जायची. सवितानं आईसाठी दार उघडलं नाही.

ऑपरेशन जमलं. पोरगा आता शाळेत जाते.

औंदा सासू गेली. सविता मातीले आली नाही. मी गेलो. तिरडीवर सासूचा हात पाहिला. जो सळई धरते त्याचा तळवा भाजते. तिचा तळवा साफ होता, डाग उलट्या हातावर. डाग कोणत्या बाजूले आहे, हे डॉक्टरले दिसलं नाही, पोलिसायले दिसलं नाही. मी वेल्डर — मले पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

घरी आलो. सविता भांडे घासत होती. मान वर न करता म्हणे, "जाळलं काय तिले?"

हाव, म्हटलं.