खोकला म्हणे कंपनीच्या वासाचा!

अंबरनाथकरांनो, खरं सांगा, परवा रात्री एमआयडीसीतल्या केमिकलचा वास आला होता का कोणाला?

विचारायचं कारण, माझी लॅब पार्टनर पूजा कालपासून खोकतेय. विचारलं की एकच उत्तर, "अगं, परवा कंपन्यांचा वास केवढा सुटला होता! घसाच धरलाय." वर्गातले बाकीचेही माना डोलावतात. विषय संपला.

मला काही पटेना. आम्ही दोघी बुवापाड्यात एकाच गल्लीत राहतो. वास सुटला की माझी आई आधी धडाधड खिडक्या लावते. परवा रात्रभर आमची खिडकी उघडी होती.

आज तिच्या हातून टेस्ट ट्यूब घेताना बोटं लागली. चांगलीच गरम!

"पूजा, ताप आहे ना तुला?"

"हळू बोल ना यार! गोळी घेतलीय. प्रॅक्टिकल बुडलं तर सर परत घेत नाहीत. आणि फ्लूने काय होतं गं?"

"ताप असल्यास घरी थांबा" हे पोस्टर तिच्या डोक्यामागेच लावलंय. त्याच्याखाली अजून दोघं खोकत होते. त्यांनाही वासच लागला असणार!

आत्ता घरी आले आणि दारातच मला खोकला आला. आई आतून म्हणाली, "सुटला वाटतं मेला वास!" आणि तिने खिडकी लावून टाकली.

वास अजिबात नव्हता. खिडकीखाली माझ्या ताईचं महिन्याभराचं बाळ झोपलंय.

मी अजून दाराबाहेर उभी राहूनच हे टाइप करतेय. आत जाऊ का?