एका पुठ्ठ्यातली पाच पुस्तके

मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातले की तिला एक उग्र, किंचित आंबट वास येतो, आणि नव्याने बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा ग्रंथालयात आला की तो वास चार-पाच दिवस कपाटांमध्ये मुक्काम ठोकून असतो. नेरच्या आमच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षे ग्रंथपाल आहे, आणि खरे सांगायचे तर अत्तरापेक्षा मला हाच वास अधिक प्रिय वाटत आला आहे. पुस्तक आता फाटणार नाही, हरवणार नाही, माझ्या ताब्यात राहील, असे काहीसे आश्वासन त्यात मला मिळत असे.

दोन वर्षांपूर्वी बालविभागासाठी खोकेभर पुस्तके आली. सोळा-सोळा पानांची, पिना मारलेली, रंगांनी नुसती उजळलेली, आणि इतकी पातळ की दप्तरात कुठे सरकून जातील ते कळूही नये. अशा पुस्तकांचे काय करायचे हे आमच्याकडे माझ्याही आधीपासून ठरलेले आहे: पाच-पाच एकावर एक ठेवायची, जाड काळ्या पुठ्ठ्यात एकत्र शिवायची, पाठीला कापड लावायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचा. पातळ पुस्तक हरवते, जाड हरवत नाही, इतके साधे शास्त्र. हे काम बसस्थानकामागच्या कादरभाईंनी केले. त्यांचा हात असा की त्यांनी शिवलेले पुस्तक गच्चीवरून फेकले तरी पान सुटायचे नाही. अस्वल, खार, मोर, सगळी मंडळी त्या काळ्या पुठ्ठ्यांच्या आत गेली, आणि कपाटात ते ग्रंथ ओळीने उभे राहिले तेव्हा मी दोन पावले मागे सरून त्यांच्याकडे कौतुकाने पाहत राहिले होते. आज हे लिहिताना लाज वाटते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुले यायची. एखादा ग्रंथ ओढून काढायची, उघडायची, तसाच परत कोंबायची आणि बाहेर पटांगणात पळून जायची. मी दोष मोबाइलला दिला. हल्लीची मुले वाचतच नाहीत, असे कार्यकारिणीच्या सभेतही ठासून सांगितले, आणि माझे बोलणे माझ्याच अंगलट आले. वाचतच नाहीत तर बालविभागाची खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला देऊ, असा विचार तिथे पुढे आला. मागणी अवाजवी नव्हती. जिन्यात बसून अभ्यास करणारी मुलेमुली मी रोज पाहत होते. पण हिवाळ्यात त्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीतून कोवळे ऊन सतरंजीवर उतरते, तिथे लहान मुलांनी पालथे पडून वाचावे, या एका हट्टापायी मी ती खोली कधीकाळी भांडून मिळवली होती. ती जाणार या विचाराने माझा जीव तुटत होता. निर्णय संक्रांतीनंतरच्या सभेवर ढकलला गेला.

त्या दिवसांत सानिया येऊ लागली. कादरभाईंच्या मुलीची मुलगी, आजोळीच राहणारी, दुसरीत शिकणारी. नानांनी बांधलेले पुस्तक म्हणून तिने अस्वलाच्या गोष्टीचा ग्रंथ घरी नेला आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"मॅडम, अस्वलाची गोष्ट झाली. आता मले दुसरं द्या."

मी पाने चाळली. पाचांतली एकच गोष्ट झाली होती. "अगं, आख्खं पुस्तक वाच, मग आण," मी माझ्या कार्यालयीन आवाजात म्हणाले. तिने माझ्याकडे नाही, त्या पुठ्ठ्याच्या जाडीकडे पाहिले, आणि ते धूड पोटाशी धरून ती निघून गेली.

दोन शनिवार ती आली नाही. मग एका दुपारी कादरभाईच आले आणि ग्रंथ टेबलावर ठेवून उभे राहिले.

"मॅडम, मीच बांधेल हाय हे, पण वापस घ्या. सानिया म्हन्ते, मले पुस्तक वाचता येत नाही. रडून राह्यली पोरगी. अस्वल तिले तोंडपाठ हाय, तरी म्हन्ते, मॅडमनं सांगतलं तेवढं वाचनं होत नाही."

जी मुलगी गोष्ट वाचून धावत आली होती, तिला तुझे वाचन अपुरे आहे असे मीच सांगून बसले होते. लहान मुलाला गोष्ट हवी असते हे खरे, पण ती संपवायचीही असते. मिटलेले पुस्तक हातात धरून 'झालं' म्हणण्याचे सुख मोठे असते, आणि ते मी पाच पदरी शिवून टाकले होते. कपाटातले सगळे काळे ग्रंथ मी बाहेर काढले आणि कादरभाईंना म्हणाले, "हे सगळे उसवा."

"मजबूत करा म्हन्लं होतं न तुमी? आता काहून उसवता?" ते दुखावले, हे दिसत होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी वरचा ग्रंथ उचलला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "राहू द्या. समजलं मले."

आठवड्याने मी पुस्तके आणायला त्यांच्याकडे गेले. रस्त्याने कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे तंतू लटकले होते. कादरभाईंनी प्रत्येक पुस्तक वेगळे करून दोऱ्याचे दोन टाके घातले होते. बांधणीत कडा छाटल्या गेल्याने पुस्तके जराशी आखूड झाली होती, पण मुखपृष्ठे शाबूत होती. एक गठ्ठा दोरीने बांधून तयार होता, शेवटची चार-पाच त्यांच्या मांडीवर होती. सानिया दाराआड उभी होती, मला पाहून पुढे येत नव्हती. मी मांडीवरल्यांतले खारीचे पुस्तक उचलून तिच्यापुढे धरले.

"मले नाही येत," ती म्हणाली.

मी आग्रह केला नाही, पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तिने ते घेतले, आधी शेवटचे पान काढून पाहिले, मग पहिल्यापासून बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. जोडाक्षराशी अडखळायची, मागे यायची, पुन्हा धडक द्यायची. कादरभाईंची सुई थांबली होती. शेवटची ओळ झाली, तेव्हा तिने पुस्तक उलटे करून पाठ पाहिली.

"बाकीचं कुठी हाय?"

"बाकी काही नाही. एवढंच आहे पुस्तक."

"मंग आख्खं झालं?" ती आजोबांकडे वळली. "नाना, आख्खं झालं!"

कादरभाईंनी माझ्याकडे पाहिले, जणू त्यावर माझा शिक्का हवा होता. "हो, आख्खं," मी म्हणाले.

सभा सोमवारी आहे. खोलीचे काय व्हायचे ते मला ठाऊक नाही. मुले येतीलच, असेही आता मी ठासून सांगणार नाही. बावीस वर्षांत पुस्तक परत येताना मी रोज पाहिले, संपताना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याचा विचार करत मी पायरीवरच बसून राहिले होते, तेवढ्यात सानियाने बांधलेला गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि दोरीची गाठ दातांनी सोडायला घेतली. 'दात लावू नकोस' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळून टाकले.