आतल्या समासातली अक्षरे

पियानोविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो; आणि तरीही लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा मागतो. हे वाद्य मी साठीनंतर शिकू लागलो. आजही दोन्ही हात एकत्र वाजवायची वेळ आली की माझा श्वास अडखळतो. ज्यांचे आयुष्य संगीतात गेले त्यांनी लिहावे आणि माझ्यासारख्याने वाचावे, हेच रीतीचे. परंतु मला जे सांगायचे आहे ते वाजवण्याविषयी नसून एका पुस्तकाच्या शिलाईविषयी आहे, आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे. तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात, मी निवृत्त होईपर्यंत नोंदी सांभाळण्याचे काम केले. औषधाची प्रत्येक बॅच कशी तयार झाली, कोणी काय तोलले, कोणी सही केली, या सर्वांचे कागद माझ्याकडे येत आणि वर्षाअखेर बांधले जात. बांधणीचा नियम एकच होता: मधले एक पानही कोणाला गुपचूप काढता येऊ नये. त्यासाठी कागदांची चळत एकत्र धरून, कडेपासून बोटभर आत दाभणाने आरपार भोके पाडत आणि जाड दोऱ्याने शिवत. वर खळ, त्यावर पुठ्ठा, पाठीला कापड. याला आम्ही पक्की शिलाई म्हणत असू. असे पुस्तक उघडायला त्रास होई, पण ते रोज उघडायचे नसेच. ते सांभाळायचे असे.

निवृत्तीनंतर मी पालघरजवळच्या माहीमला एका वृद्ध बाईंकडे पियानो शिकू लागलो. त्यांनी शाळेत संगीत शिकवले होते आणि सगळे त्यांना टीचर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचा पियानो त्यांच्या आईचा. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याच्या तारा गंजू नयेत म्हणून पावसाळाभर त्याच्या पोटात विजेचा एक लहान दिवा जळत ठेवलेला असे. टीचरांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली होती. त्या कानानेच शिकवत. मी चुकलो की म्हणत, "परत. घाई कसली हाय? बोईसरची बस अजून आली नाय."

एके दिवशी त्यांनी कपाटातून सुट्या पानांचा एक गठ्ठा काढून माझ्या हाती दिला. आईची वाजवायची पाने, तिने हाताने लिहिलेल्या सुरांची. पिवळी पडलेली, कोपरे झडलेली. "माझ्या डोळ्यांना याचा आता उपयोग नाय. पुढच्या महिन्याअखेर भाची मला घेऊन जाईल, पियानो इथंच राहणार. ही पानं तुमी न्या. आणि जायच्या आधी यातली पहिली चीज मला वाजवून दाखवा."

मी ती पाने छातीशी धरून बोईसरजवळ सरावलीला घरी आणली. पाने सुटी आहेत, एखादे हरवेल, ही धास्ती मला स्वस्थ बसू देईना. चौतीस वर्षांची सवय. दुसऱ्याच दिवशी पालघरला कोर्टाजवळच्या बाइंडरकडे गेलो. त्याने विचारले, "कशी करू?" मी विचार न करता म्हणालो, "पक्की शिलाई."

चार दिवसांनी त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवले. पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना कापडी त्रिकोण. पुठ्ठ्यावर थाप मारून तो म्हणाला, "घ्या. आता शंभर वरसं उघडणार नाय!"

पान सुटणार नाही, असे त्याला म्हणायचे होते. मी त्याचे आभार मानले. त्याच्या शब्दाचा खरा अर्थ मला घरी गेल्यावर कळला.

पुस्तक उघडेना. दोन्ही हातांनी दाबून धरले तर उघडे राही. पण दोन्ही हात तर मला वाजवायला हवे होते. हात सोडताच ते एखाद्या दारासारखे मिटे. मी घरच्या लहान कीबोर्डवर सराव करीत असे. पानांना कपड्यांचे चिमटे लावले. चिमट्यांखाली ओळी झाकल्या. रबर ताणून बसवले. जुन्या कागदाची कड फाटली. दोन बाजूंना दोन वजनी डबे ठेवले. पत्नी स्वयंपाकघरातून डोकावली.

"वाजवताय की पापड वाळत घालताय?"

पण उपायही तिनेच काढला. तिचे माहेर शिरगावचे. तिथून तिने मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि कापडाच्या लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना शिवून टाकल्या. पट्टी पुस्तकावर आडवी टाकली की टोके जड होऊन खाली ओढत आणि पाने निमूट पडून राहत. घरी सपाट मेजावर हे उत्तम चालले. चीज दोन पानांची होती. टीचरांना एकदम ऐकवायची म्हणून शिकवणीला पुस्तक न नेता घरीच सराव केला, आणि महिन्याभरात ती मला बऱ्यापैकी येऊ लागली.

ठरलेल्या रविवारी दुपारी मी माहीमला गेलो. टीचर पांढरी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या पियानोवरची पुस्तक ठेवायची फळी अरुंद आणि उतरती होती, हे मला रोज दिसत असूनही सुचले नव्हते. मी पट्टी टाकली आणि वाजवू लागलो. सातव्या-आठव्या ओळीला पट्टी घसरली, शिशाच्या गोळ्या पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर आदळल्या, मोठा घुमारा झाला आणि पुस्तक मिटले.

टीचर म्हणाल्या, "हा सूर आईनं नव्हता लिहिला."

मी हसलो नाही. त्या हसल्या, आणि मग थांबल्या. "लिहिण्यावरून आठवलं. पहिल्या पानावर आतल्या बाजूला आईनं पेन्सिलीनं माझ्यासाठी काहीतरी लिहिलंय. मी सात वर्षांची होते. त्याच आठवड्यात ती गेली. पुढं रोज बघितलं, म्हणून कधी नीट वाचलं नाय. आता वाचायचं म्हटलं तर डोळे नाय. वाचा बघू, काय हाय ते."

पाने सुटी होती तेव्हा मी ती धड पाहिलीही नव्हती. मी पुस्तक ताणले. आतला समास पाठीजवळच्या शिलाईत गेला होता. दोऱ्याच्या अलीकडे एकच अक्षर दिसत होते: ह. त्यापुढचे सारे दोऱ्याखाली आणि खळीखाली.

मी म्हणालो, "अक्षर पुसट झालंय, टीचर."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. मी चीज पुन्हा वाजवली नाही. त्यांनी सांगितलेही नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्या एका अक्षराशी घालवले. बॅटरीचा झोत टाकून, पत्नीचा लहान आरसा आत सरकवून पाहिले. हळू असेल. हात असेल. हसत असेल. तिन्ही तऱ्हांनी ती चीज वाजवून पाहिली. तिन्ही तऱ्हांनी ती वेगळी लागली. कारखान्यात प्रत्येक कागदाची प्रत काढून ठेवणाऱ्या मी या पानांची प्रत काढली नव्हती. यंत्रात कागद मोडेल, अशी भीती वाटली होती.

बाइंडरकडे पुन्हा गेलो. त्याने पुस्तक उलटसुलट पाहिले. "दोरा कापायला एक मिनिट. पण खळ आत मुरलीय. कागद हा असा, पापुद्र्यासारखा. अक्षर खळीसंगं निघून आलं तर मला बोलू नका. मी हमी देत नाय." आणि जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "पक्की तुमीच सांगितलीत."

काल मी माहीमला जाऊन टीचरांना खरे सांगितले. अक्षर पुसट नाही. मीच ते शिवून टाकले आहे. समोर अर्धे बांधलेले सामान होते. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतले, शिलाईवरून बोट फिरवले, एकेक टाका मोजल्यासारखे, आणि ते मला परत दिले.

"आता पुस्तक तुमचं हाय. कापायचं तर कापा, नाय तर नका कापू. पण जे कराल ते मी जायच्या आधी येऊन सांगा. आणि ह्या वेळी खरं सांगा."

त्यांना जायला सहा दिवस आहेत. पुस्तक माझ्यापुढे मेजावर आहे, शिशाच्या पट्टीखाली उघडे, आणि शेजारी पत्नीची शिवणाची कात्री आहे. मला निर्णय घेण्याची सवय नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या निर्णयांच्या नोंदी ठेवल्या. म्हणून संकोचाने विचारतो: माझ्या जागी तुम्ही असता, तर हा दोरा कापला असता का?