टिंबाचा ग

तंजावरच्या मेलवीदी या रस्त्यावर वेंकूबाई एकट्या राहत. तमिळ शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पुण्याहून गोष्टींची पुस्तकं मागवायची, तर टपालखर्चच पुस्तकाएवढा व्हायचा. त्यामुळे घरातली बारा पुस्तकंच त्या तिथल्या मराठी लोकांच्या मुलांना फिरवून फिरवून द्यायच्या.

मुलं मराठी बोलत. देवनागरी मात्र कुणालाच येत नसे. म्हणून वेंकूबाई प्रत्येक ओळीच्या वर तीच ओळ पेन्सिलीनं तमिळ अक्षरांत लिहीत. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर. ‘गाय आली’ हे मुलं ‘काय आली’ असं वाचत आणि खिदळत. मग वेंकूबाई ग असेल तिथं अक्षराखाली टिंब देऊ लागल्या. मुलं त्याला ‘टिंबाचा ग’ म्हणत.

ती मुलं मोठी होऊन चेन्नई-बंगळूरला गेली. दोन हजार बारा साली एकच वाचक उरली होती, समोरच्या सतीशकुमारची नऊ वर्षांची रंजना.

एका शनिवारी ती टॅब घेऊन आली.

“आजी, अप्पानं आणला. ह्यात शंभर मराठी पुस्तकं आहेत. सगळी फुकट.”

वेंकूबाईंनी चष्मा लावला. इतकी पुस्तकं त्यांनी एका जागी कधी पाहिली नव्हती.

“वाच बघू एखादं.”

“कसं वाचू? वर तमिळ नाहीं.”

वेंकूबाईंनी सवयीनं पेन्सिल उचलली. काचेला बोट लागलं आणि पान उलटलं.

“तिच्यावर लिहायचं नसतं, आजी.”

“मग दुपारपुरतं राहू दे माझ्याकडे.”

त्या दुपारी त्यांनी एक अख्खी गोष्ट वहीत तमिळ अक्षरांत उतरवली. टिंबं एकूणएक दिली. संध्याकाळी रंजना टॅब आणि वही, दोन्ही घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी वेंकूबाईच रस्ता ओलांडून गेल्या.

रंजना टॅबवर वाचत होती. “आजी, ह्यात तमिळ गोष्टी पण आहेत. भराभर वाचता येतात.”

“बरं झालं अक्का, तुमचा त्रास वाचला,” सतीशकुमार आतून म्हणाला.

टॅब तिरका राहावा म्हणून त्याच्याखाली वेंकूबाईंची वही सरकवलेली होती.

“उंची पुरते ना ग?” वेंकूबाईंनी विचारलं. “नाहींतर आणखी एक लिहून देते.”

रंजनानं वाकून पाहिलं.

“पुरते, आजी.”