हँडलला टांगलेली पिशवी

सबस्टेशनवरच्या ऑपरेटरला सगळे मास्तर म्हणत, कारण त्याला शिकवायची भारी हौस. तीस वर्षांत जो जो लाइनमन तिथे आला, त्याला मास्तरने एकच धडा दिला. "खांबावर चढायच्या आधी आपली डब्याची पिशवी इथे ती लाइन चालू-बंद करायच्या हँडलला टांगायची. पिशवी आहे तोवर माझा बाप आला तरी मी हँडलला हात लावू देणार नाही." कागदपत्रांच्या भानगडीत कुणी पडत नसे. आणि आजवर एकालाही साधं खरचटलं नाही, हे मास्तर चारचौघांत छाती फुगवून सांगे.

मग वीजमंडळाचे तुकडे झाले. तारा एका कंपनीकडे, सबस्टेशन दुसरीकडे, आणि लाइन चालू-बंद करणं दूरच्या शहरातल्या कंट्रोल रूमकडे. तिथली एक मुलगी पडद्यावर बघून बटण दाबी. काम करायचं तर आधी तिला फोन करून परवानगीचा नंबर घ्यायचा, असा नियम आला. मास्तर तिला 'टीव्हीवाली बाई' म्हणे आणि नाक मुरडे.

त्या दिवशी भारनियमनामुळे लाइन बारापर्यंत बंदच होती. मास्तर आवारातल्या ट्रान्सफॉर्मरचं तापमान लिहून आत आला, तर हँडलला त्याच्या लाइनमन मेहुण्याची पिशवी. म्हणजे स्वारी खांबावर. मास्तर निवांत खुर्चीत टेकला. बाराला चार मिनिटं होती. सहज परवानगीची वही उघडली, तर नंबरची जागा कोरी.

म्हणजे बाराच्या ठोक्याला ती मुलगी बटण दाबणार. पिशवी त्याला दिसत होती, त्या मुलीला कुठून दिसणार? धावत जाऊन त्याने लाइन जोडणाऱ्या ब्रेकरचा खटका फिरवला, म्हणजे कंट्रोल रूमचं बटण त्या लाइनवर चालणारच नाही. हे करायची त्याला आता सक्त मनाई होती.

बाराला फोन खणखणला. "लाइन चालू होत नाहीये. खटका कुणी फिरवला?" ती मुलगी विचारत होती.

"मी. खांबावर माणूस आहे."

ती म्हणाली, "असू दे तसाच."

अर्ध्या तासाने मेहुणा घाम पुसत आला. "दाजी, चेहरा का उतरलाय? नंबर राहिला म्हणून? अहो, पिशवी टांगली होती की! तुम्हीच तर शिकवलंत."

मास्तरला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं? त्याला मनापासून लाज वाटली. मेहुण्याला शेजारी बसवून त्याने फोन उचलला.

"ताई, नंबर कसा घ्यायचा ते एकदा नीट सांगा. आम्ही दोघंही ऐकतोय."