तुर्कस्तानची खुर्ची

आमच्या फरिदाबादच्या सोसायटीने तुर्कस्तानवर बहिष्कार टाकला, तो सफरचंदांपासून. पाकिस्तानबरोबरच्या त्या चार दिवसांच्या लढाईत तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून गेटवरच्या फळवाल्याला दम भरण्यात आला. तो बिचारा हिमाचलचीच सफरचंदं विकत होता. आणि हा ठराव झाला कुठे, तर खालच्या लॉबीत. फ्लॅट विकताना बिल्डरने याच लॉबीच्या फरशीवरून हात फिरवून आम्हाला 'अस्सल टर्किश मार्बल' दाखवलं होतं. त्या फरशीवर उभं राहून सगळ्यांनी घोषणा दिल्या. फरशी उखडू या, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

मी एका ट्रॅक्टर कारखान्यात इंजिनं तपासतो. वडील बार्शीत ट्रक चालवायचे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी मिरवतो. का मिरवू नये? या सोसायटीत कित्येकांना डिग्री वडिलांच्या घराबरोबर वारसाहक्काने मिळाली आहे, ते तरी कुठे लाजतात?

तर मुलीची गोष्ट. दिल्लीच्या इंग्रजी शाळांत एमयूएन, म्हणजे लुटुपुटुचा संयुक्त राष्ट्रसंघ, नावाचा एक सण असतो. मुलांनी ब्लेझर घालून एकेक देश व्हायचं आणि जगाच्या प्रश्नांवर भाषणं ठोकायची. जग जिथल्या तिथे राहतं, मुलांना ट्रॉफ्या मिळतात. आमची मुलगी नववीत. आदल्या वर्षी तिला देश मिळालाच नव्हता; दिवसभर ती या देशाच्या चिठ्ठ्या त्या देशाला पोचवत फिरली आणि घरी येऊन न जेवता झोपली. यंदा चिठ्ठी काढली तर तिच्या वाट्याला तुर्कस्तान आला. विषय होता लष्करी स्वावलंबन.

"बाबा, मला देश मिळाला!" एवढंच ती दारातून ओरडली. कोणता, याचं तिला काही नव्हतं. तिला एकदा माइकवर बोलायचं होतं, बस.

तिने नेटवर शोधून काढलं, की तुर्कस्तान स्वतःची इंजिनं बनवण्याच्या मागे लागला आहे. ड्रोनची, हेलिकॉप्टरची, रणगाड्याची, आणि पुढेमागे लढाऊ विमानाचीसुद्धा. तिने मला त्यांचे व्हिडिओ दाखवले. झेंडे, ढोल, धूर, मग पडदा सरकतो आणि रंग दिलेलं इंजिन चौथऱ्यावर फिरतं. मी खो खो हसलो.

"इंजिन काय नवरी आहे का, घुंगट उचलायला? ज्या विमानाचा एवढा गवगवा, ते उडतंय अमेरिकन इंजिनांवर. रणगाड्याला जर्मनांनी इंजिन दिलं नाही, तर कोरियाकडे गेले."

"बाबा, मी टर्की आहे. मला हसू नका ना यार."

"हा यार कोण?"

"सॉरी. पण जर्मनीने नाही म्हटलं, म्हणूनच तर ते बनवतायत. आणि हेलिकॉप्टरचं त्यांनी बनवलंय. ते बघितलंत तुम्ही?"

बघितलं नव्हतं. मग बघितलं, आणि हसणं बंद केलं. इंजिन म्हणजे काय ते मला माहीत आहे. ते चाचणीच्या बेडवर चढवायचं, दिवसरात्र पळवायचं, पिस्टन जाम झाला की उतरवायचं, खोलायचं, पुन्हा चढवायचं. आमचं ट्रॅक्टरचं साधं डिझेल इंजिन, तरी माणसं त्याच्यापायी म्हातारी होतात. जेटमध्ये तर पाती ज्या धातूची, तो धातू वितळेल त्याहून जास्त आच आत असते, आणि तरी ती पाती टिकवायची. ढोल वाजवून ते होत नाही. पण ढोल वाजवणाऱ्यांच्या मागे कुणीतरी ते करत असतं, हेही खरं. हे मी तिला सांगितलं. तिने ते इंग्रजीत बसवलं आणि स्वयंपाकघरात आईसमोर म्हणून दाखवलं. बायको म्हणाली, "मला इंग्रजी कळलं, तुर्कस्तान नाही कळला. पण तू छान उभी राहतेस."

आता शेजारी. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ गुरुग्रामला कन्सल्टंट आहेत. कशाचे, ते अजून कळलेलं नाही. त्यांच्या मुलाच्या वाट्याला भारत आला होता. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, की ज्या देशाने आपल्या शत्रूला साथ दिली त्याची बाजू आपल्या शाळेत, आपल्या फीच्या पैशांनी मांडली जाणार का? खाली तिरंगे आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. शाळेने तुर्कस्तान रद्द केला. मुलीला लक्झेंबर्ग दिला.

मी सुट्टी टाकून शाळेत गेलो. एमयूएनच्या मॅडम गोड हसल्या.

"सर, इट्स अ व्हेरी पीसफुल कंट्री."

"मॅडम, पाकिस्तान ठेवलाय का यादीत?"

"हो, म्हणजे, पाकिस्तानशिवाय डिबेट कसं होणार, सर?"

"अच्छा. म्हणजे शत्रू चालतो, शत्रूचा दोस्त चालत नाही."

"सर, पेरेंट्स की सेंटिमेंट्स हैं," त्या म्हणाल्या. मराठी माणसालाही दिल्लीत शेवटचं वाक्य हिंदीतच ऐकवतात, म्हणजे विषय संपला हे कळतं.

मुलीने ब्लेझर पलंगावर फेकला. "लक्झेंबर्गला बोलायला काय आहे, बाबा? त्यांच्याकडे इंजिनच नाही." तिने तयार केलेलं भाषण ड्रॉवरमध्ये टाकलं. मला वाटलं, यंदाही ती चिठ्ठ्याच वाटणार, फक्त बसून.

कार्यक्रमाच्या दिवशी बायको आणि मी मागच्या रांगेत बसलो. तुर्कस्तानची खुर्ची काढायला शाळा विसरली होती. पाटी होती, माणूस नव्हता. समोरच्यांचा मुलगा उठला आणि भारताच्या वतीने त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून बोलू लागला. तुर्कस्तान नुसता देखावा करतो, दुसऱ्याच्या इंजिनांवर उडतो, आणि म्हणे स्वावलंबी! सभागृह हसलं. त्याचे वडील उभे राहून व्हिडिओ काढत होते. मला ती वाक्यं ओळखीची वाटली. आमच्या जेवणाच्या टेबलावर जवळजवळ तीच मी म्हटली होती. त्याच्या तोंडून ती फारच स्वस्त वाटली.

मग लक्झेंबर्गची पाटी वर गेली. मी बायकोचा हात दाबला.

"लक्झेंबर्गकडे स्वतःचं इंजिन नाही," आमची मुलगी इंग्रजीत म्हणाली. माइक तिने दोन्ही हातांनी धरला होता. "त्यामुळे आम्हाला दुसऱ्या कुणाला हसता येत नाही. भारताच्या प्रतिनिधीला विचारायचंय, तुमच्या स्वदेशी लढाऊ विमानात इंजिन कोणाचं आहे?"

त्या पोराने फोनमध्ये पाहिलं. मग अध्यक्षाकडे. मग वडिलांकडे. वडिलांनी व्हिडिओ थांबवला.

"ते... अमेरिकन आहे. पण आमचं काम चालू आहे. वेळ लागतो."

"थँक यू. तुर्कस्तानचंही हेच उत्तर असतं. त्यांच्या प्रतिनिधीलाच विचारलं असतं, पण आज ती आलेली नाही."

अध्यक्ष म्हणून बसलेल्या बारावीच्या पोराने टेबलावर हातोडी आपटली आणि प्रश्न विषयाला सोडून आहे, असं जाहीर केलं. विषय होता लष्करी स्वावलंबन. अशीच पोरं पुढे मोठ्या खुर्च्यांवर बसतात, म्हणून सांगतो.

ट्रॉफी अर्थात भारताला मिळाली. लक्झेंबर्गला सहभागाचं प्रमाणपत्र. गाडीत मुलीने ते गुंडाळून पायाशी टाकलं आणि भूक लागल्याचं जाहीर केलं. येताना तिने एकटीने दोन प्लेट छोले-कुलचे संपवले.

खाली लॉबीत शेजारी उभे होते. ट्रॉफी हातात, मुलगा बाजूला, वॉचमनला फोटो काढायला लावलेला. आम्हाला पाहून ते मोठ्या मनाने हसले. हरलेल्यांकडे पाहून हसायची त्यांची एक खास पद्धत आहे, ती मला कधीच सहन झाली नाही.

"बेटा, बोली तो तुम बढ़िया। लेकिन टर्की का साथ क्यों दिया? भाईसाहब, आप समझाइए इसे।"

मी तोंड उघडलं होतं. पण मुलीने प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत धरली आणि शांतपणे म्हणाली, "अंकल, आप टर्की पर ही तो खड़े हैं।"

त्यांना कळायला वेळ लागला. मग वॉचमन फिसकन हसला, आणि आमच्या कन्सल्टंटसाहेबांनी खाली फरशीकडे पाहिलं. एक बूट हळूच उचलला आणि तळव्याला काही चिकटलंय का, ते बघितलं.